शिरवळपर्यंतची कलानिष्ठा

मोठा नट लहान कंपनीत का टिकतो, याचे उत्तर सर्व मानपत्रांत एकच असते : कलेवरील निष्ठा. (आमच्याकडची सर्व मानपत्रे एकाच छापखान्यात छापतात, हा योगायोग समजावा.) तरी जिज्ञासूंसाठी जिनपाल चौगुले यांचे प्रकरण येथे नोंदवून ठेवतो.

हे कृष्णाकाठ संगीत मंडळीचे गायकनट. सातारा-सांगलीकडे त्यांचे नाव ऐकून माणसे भरल्या ताटावरून उठत. म्हसवडला त्यांच्या एका पदाला नऊ वन्समोअर मिळाले. दहाव्याच्या आत नायिकेला सिंहासनावरच डुलकी लागली. १९४४ साली मुंबईच्या एका सिनेमा कंपनीने त्यांना बोलावले. नाटक कंपनीचे मालक आप्पासो यांनी निरोपाचे भाषण केले आणि कंपनीतल्या एकेचाळीस माणसांना, गावाकडे शेतात काही काम मिळते का, ते बघून ठेवायला सांगितले.

जिनपालराव साताऱ्याहून, पेट्रोलच्या टंचाईमुळे कोळशावर चालणाऱ्या, प्रवासी मोटारीने निघाले. शिरवळला मोटार धापा टाकत थांबली. ते उतरले, ओळखले जाण्यास पुरेल इतके सावकाश. चहाच्या दुकानावरून दोनदा गेले. तिसऱ्या खेपेस दुकानदाराने, काही हरवले आहे काय, अशी चौकशी केली.

बाकावर साळूबाई नावाची म्हातारी बसली होती. याच मोटारीने लेकीकडे चाललेली. जिनपालरावांनी शेजारी बसून म्हसवडचे ते नऊ वन्समोअरचे पद तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत गाऊन दाखवले. तिने डोळे मिटून ऐकले.

“लय ग्वाड गळा हाय बाबा,” ती म्हणाली. “पर पोटापाण्याला काय करता?”

मोटार सुटली तेव्हा जिनपालरावांची ट्रंक खाली होती. उलट दिशेच्या मोटारीने ते साताऱ्यास परतले. आप्पासो त्यांच्या गळ्यात पडून रडले. एकेचाळीस माणसांनी शेती करण्याचा बेत रद्द केला. (शेतीचे नुकसान झाल्याचे ऐकिवात नाही.)

पुढच्या महिन्यात सांगलीला सत्कार झाला. ‘मायानगरीचा मोह लाथाडून’ वगैरे वाचून झाल्यावर जिनपालराव उठले. त्या दिवशी त्यांना खरे बोलण्याची इच्छा झाली होती.

“शिरवळात मला कुणी ओळखलं नाही,” ते म्हणाले. “मला भीती वाटली. म्हणून परत आलो.”

केवढा हा विनय, असे सभागृहात कोणीसे पुटपुटले आणि चार मिनिटे टाळ्या पडल्या. जिनपालराव हात वर करून उभे राहिले, मग खाली बसले. ते अखेरपर्यंत त्याच कंपनीत गायले.

वाचकहो, मुंबईची ती नोकरी तुम्हीही आईच्या तब्येतीसाठीच नाकारलीत, हे आम्ही सर्वांना सांगत असतो.