समेलकाका मोठ्यानं प्रार्थना करतात

आमच्या घरात रात्री झालेलं भांडण सकाळी आम्हाला समेलकाकांच्या तोंडून पुन्हा ऐकायला मिळतं. तेही ते देवाला सांगत असताना.

"देवबापा, शेजारचा अनिल काल पुन्हा बायकोवर खेकसला. वांग्याच्या भाजीत मीठ कमी होतं म्हून. त्याच्या जिभेले जराशी अक्कल दे. आन सुनीताचा मिठाचा हात सैल कर."

मधे एक विटेची भिंत. पण ती समेलकाकांच्या आवाजाला काय पुरणार! मी चहाचा कप घेऊन तसाच बसतो आणि सुनीता स्वयंपाकघरात पदर तोंडाला लावून हसते. बरं, जाऊन भांडावं तर भांडणार कशावरून? माणूस आपल्यासाठी देवाकडे मागतो आहे. आणि भाजीत मीठ खरंच कमी होतं.

खरं नाव शमुवेल. ते आमच्या वरूड गावाच्या तोंडात काही बसलं नाही, म्हणून समेलकाका. घराच्या पुढच्या अंगाला त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान. विहिरीतल्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी संत्रेवाले त्यांच्याकडे आणून टाकतात. काका टोपी काढतात, मोटारीवर हात ठेवतात, डोळे मिटतात आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना सुरू होतात. "देवबापा, ही मोटार जळली नाई, जाळली. विहीर कोरडी होती तरी हा चालवत राह्यला आन सोता झाडाखाली झोपला. त्याले माफ कर. मले हात दे."

गिऱ्हाईक खाली मान घालून ऐकून घेतं. काय करतं बिचारं? मोटार तर चांगली होऊन मिळते.

संत्र्याचे व्यापारी मुनाफभाई एकदा गमतीनं म्हणाले, "काका, जरा हमारे भाव का भी बोलो ना ऊपर." काकांना गंमत कळत नाही. त्यांनी तिथल्या तिथे डोळे मिटले. "देवबापा, मुनाफले माल सस्ता पायजे आन शेतकऱ्याले भाव पायजे. दोघं बी आपलेच लोकं आहेत. तू कसं जमवशीन तं तुले मालूम." मुनाफभाई अजून हे सगळ्या मंडीत सांगत फिरतात.

लग्नाच्या पंगतीत काकांच्या शेजारी बसायचं नाही, हे मी ठरवूनच टाकलं आहे. घास घेण्याआधी त्यांची प्रार्थना. त्यात नवरानवरी येतात, आचारी येतो, मांडववाला येतो. तोवर बुंदीवाला पुढच्या रांगेत पोचलेला असतो. मग हे डोळे उघडून पानाकडे बघतात आणि म्हणतात, "बुंदी नाई केली काय बावा यायनं?"

मार्थाकाकू होत्या तोपर्यंत आवाजाला थोडा लगाम होता. त्या गेल्या, मुलगी लग्न करून नागपूरला गेली, आणि काका मोकळे सुटले. दर रविवारी सकाळी त्यांच्या पुढच्या खोलीत प्रार्थना असते. एक नर्सबाई, बागेत तोडणीला जाणाऱ्या दोन म्हाताऱ्या, एक मास्तर आणि त्यांची बायको. ढोलकीवर गाणी म्हणतात, बायबल वाचतात, काकांनी केलेला चहा कसाबसा पितात आणि घरी जातात. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. कोणाच्या पोटात कधी दुखलं नाही.

दुखलं ते पिंटूभाऊच्या. हा आमच्यापासून तिसऱ्या घरात राहतो. त्याला नगरसेवक व्हायचं आहे, आणि त्यासाठी काहीतरी करून दाखवायला हवं होतं. एके दिवशी तो दुकानात येऊन म्हणाला, "काका, तुमी लोकायचा धर्म बदलून राहिले. हे बंद करा. आन पह्यली गोष्ट, तुमच्या प्रार्थनेत माह्यं नाव घ्याचं नाई."

"बरं," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या गल्लीनं ऐकलं. "देवबापा, ज्याचं नाव घ्याची मले मनाई झाली, जो तिसऱ्या घरात राह्यते, लाल गाडीवर फिरते, त्याच्या मायचे गुडघे लय दुखून राहिले. तिले आराम दे. त्याले तं टाइम नाई."

गल्ली हसली. पिंटूभाऊ नाही हसला.

त्या रविवारी तो गळ्यात गमछे घातलेले पोट्टे घेऊनच आला. आत गाणं चाललं होतं, बाहेर घोषणा सुरू झाल्या. कोणीतरी दुकानाची पाटी ओढून खाली पाडली. आतल्या म्हाताऱ्या एकमेकींना बिलगल्या. मी माझ्या फाटकात उभा होतो आणि माझे पाय काही केल्या पुढे होईनात. काका मात्र दारात आले.

"लोकायले पैसे देऊन आनता तुमी," पिंटूभाऊ ओरडला.

"पैसे?" काकांना खरंच नवल वाटलं. "अबे, मी केलेला चहा पैसे देऊन बी कोनी पेत नाई. विचार याले," म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट केलं. एक गमछेवालं पोट्टं फिस्सकन हसलं.

"सांगा सगळ्यायसमोर. आजपासून अथी प्रार्थना होनार नाई."

"होईन."

पिंटूभाऊनं आवाज जरा खाली आणला. चार माणसं बघत होती, त्यालाही निभावून न्यायचं होतं. "बरं, मनातल्या मनात करा ना मंग. दार लावा, चूप बसा, कोन अडवते तुमाले? हा येशू-येशू गल्लीले काहून ऐकवता?"

मला वाटलं, मिटलं. हो म्हणा काका, म्हणा एकदाचं, असं मी मनात घोकत होतो.

काका म्हणाले, "ज्यानं माह्यासाठी सगळ्या गावासमोर मार खाल्ला, त्याचं नाव मी चोरासारखं घेऊ काय? नाई जमनार, बावा. मी त्याचा आहो. दार उघडंच राहीन."

कोणी धक्का दिला ते कळलं नाही. काका उंबरठ्यावर आपटले, कपाळ फुटलं. नर्सबाई किंचाळल्या. आता मात्र मी धावलो, पण मी पोचायच्या आत ते चौकट धरून उठले, टोपी काढली आणि रक्त डोळ्यावर येत असताना तिथेच सुरू झाले.

"देवबापा, आज मी मनाई मोडतो. हा पिंटू. मनानं खराब नाई, घाईत आहे. याले माफ कर. नगरसेवक व्हाचं असंन तं होऊ दे, पन लोकायचे डोके फोडून नको."

आणि तेव्हा एक भलतंच झालं. आमच्याकडे देवाचं नाव कानावर पडलं की हात आपोआप जुळतात. कोणत्या देवाचं ते माणूस मागाहून बघतो. दोन-तीन गमछेवाल्यांनी सवयीनं हात जोडले. एकानं तर डोळेही मिटले. पिंटूभाऊनं त्याच्या हातावर फटका मारला तेव्हा बिचारा दचकून जागा झाला. त्यानंतर घोषणा काही जमेना. जाताजाता पिंटूभाऊ मात्र बजावून गेला, की पुढच्या रविवारी जो या घरात पाय ठेवेल त्याचं तो पाहून घेईल.

मी काकांना टाके घालून आणलं. रिक्षात मी त्यांच्यावर चिडलो. मला त्या पोट्ट्यांचा संताप आला होता आणि काकांचाही, आणि भीती तर वाटतच होती. "हळू बोलले असते तर काय बिघडलं असतं?" मी म्हणालो. काका म्हणाले, "टाके मले पडले, तुले काहून दुखून राहिलं रे?" आणि त्यांनी माझाच खांदा थोपटला.

त्या आठवड्यात दुकानात कोणी फिरकलं नाही. म्हणजे पुढून. मागच्या दारानं पोत्यात घातलेल्या मोटारी येत होत्या, कारण बागांना पाणी तर द्यायचंच होतं. काका पोत्यावर हात ठेवून प्रार्थना करत आणि मोटारवाला कळवळून म्हणे, "काका, नाव नका घेऊ ना आज."

रविवार आला. मी चहा घेऊन बसलो. पलीकडून ना ढोलकी, ना आवाज. चहा निवून गेला.

"अवो, जाऊन पाहा ना," सुनीता म्हणाली.

दार सताड उघडं होतं. खुर्च्या मांडलेल्या होत्या, सगळ्या रिकाम्या. मधे काका बसले होते, कपाळाला पट्टी, डोळे मिटलेले. ते बोलत होते, पण इतकं हळू की मला दारात थांबून कान द्यावा लागला. या माणसाला इतकं हळू बोलता येतं, हेच मला ठाऊक नव्हतं.

"देवबापा, मले लय भेव लागून राहिलं. रस्त्यानं गाडी गेली का छातीत धडधडते. मार्था असती तं तिले सांगतलं असतं. लोकायसमोर सांगता येत नाई, ते अजून भितीन. सकाळपासून दार लावाचं मनात येऊन राहिलं. तू मले लावू देऊ नको. कोनी येत नसंन तं तूच येऊन बस. खुर्च्या पुसून ठेवल्या आहेत."

खरं सांगतो, मी काही श्रद्धाळू माणूस नाही. आमच्या घरच्या देवांची पूजाही सुनीताच करते. पण मी आत गेलो आणि त्यांच्या शेजारची खुर्ची ओढली.

खुर्ची करकरली. काकांनी डोळे उघडले नाहीत. श्वास मात्र भरून घेतला, आणि त्यांचा आवाज नेहमीसारखा चढला.

"आन देवबापा, तू अनिलले धाडलं! मी तुह्यी वाट पाहून राहिलो होतो, पन चालते. याले गाता येत नाई, बायबलातलं काही समजत नाई. पन आला पाह्य! बायकोनं धाडलं असंन, तरी आला. याचं भलं कर. याच्या घरादाराचं भलं कर."

बोलता बोलता त्यांनी हात लांबवून चाचपत माझा हात धरला. तो त्यांनी असा घट्ट आवळला, जणू सोडला तर मी उठून जाईन. आणि आवाज पार रस्त्यापर्यंत जात होता.