खानझोडे यंदाही नापास

केक कापायला मी सुरी घेऊन किचनमधून बाहेर आले आणि खानझोडेभाऊजी पळाले.

पळाले म्हणजे अक्षरशः पळाले. हातातली वेफर्सची डिश माझ्या नवऱ्याच्या मांडीवर, मधल्या खुर्चीला एक वळसा, दार सताड उघडं आणि माणूस गायब. आमच्या सईचा वाढदिवस होता, घरात कॅनडातल्या आमच्या विनिपेगचं निम्मं मराठी मंडळ जमलेलं, आणि बाहेर थंडी अशी की डोळ्यांतलं पाणीही गोठावं. 'हॅपी बर्थडे'ची पहिली ओळ तशीच हवेत राहिली. थोड्या वेळाने खालून बझर वाजला.

"वहिनी, दार उघडा," धापा टाकत आवाज आला. "काही नाही, रिफ्लेक्स चेक करून राहिलो होतो. एकदम बरोबर आहे."

पायात नुसते मोजे, मोज्यांवर बर्फ आणि चेहऱ्यावर परीक्षेत पहिला आल्याचं समाधान. केकचा चांगला जाडजूड तुकडा उचलून ते म्हणाले, "सुरी कोणाच्या हातात आहे हे पाहत बसायचं नसते, वहिनी. पाहत बसला, तो गेला."

"अहो, पण माझ्या हातात होती!"

"म्हणून तर जिन्यापर्यंतच जोरात पळालो. नंतर हळू."

प्रभाकर खानझोडे आमच्या समोरच्या दारात राहतात. मूळचे नागपूरचे, पेशाने पुलांची तपासणी करणारे इंजिनिअर. आयुष्यभर तडे शोधल्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट कधी ना कधी कोसळणार हे त्यांनी धरूनच ठेवलंय, आणि त्यामुळे माणूस कायम मजेत असतो. आम्ही पुण्याचे. आम्ही सगळं व्यवस्थित चालणार असं धरून चालतो आणि दिवसभर चिडचिड करतो.

त्यांची बायको सुमन इथे आल्यानंतर दुसऱ्याच वर्षी गेली. मूलबाळ नाही. त्यानंतर कधीतरी त्यांनी हा फिलिपिनो लोकांचा काठी आणि चाकूचा खेळ शिकायला सुरुवात केली. विनिपेगमध्ये हे अगदीच साहजिक आहे. इथे नर्स फिलिपिनो, बेकरीवाला फिलिपिनो, आणि बर्फात रुतलेली गाडी ढकलायला धावून येणारा माणूसही बहुधा फिलिपिनोच. एका चर्चच्या बेसमेंटमध्ये लोलो रोमी नावाचे म्हातारे गृहस्थ दर गुरुवारी संध्याकाळी हा वर्ग घेत. लोलो म्हणजे आजोबा. त्यांच्या बायकोला सगळे लोला म्हणत, म्हणजे आजी. गुरुवारी खानझोड्यांना कशालाही बोलवून उपयोग नसे. सत्यनारायण असो, साखरपुडा असो, "गुरुवार आहे ना जी," एवढ्यावर विषय संपायचा. मंडळातल्या बायकांना बरेच दिवस ते दत्तभक्त वाटत होते.

"मग तुम्ही कुठला बेल्ट?" हा प्रश्न त्यांना मंडळात हमखास व्हायचा. ते शर्ट वर करून पँटचा पट्टा दाखवायचे. लोलोंच्या वर्गात रंगीत पट्टे नव्हतेच. विद्यार्थी, मग मदतनीस आणि मग गुरो. गुरो म्हणजे शिक्षक. शब्द ऐकून आपल्याच घरचा वाटतो, आणि खानझोडे तो उच्चारतानाही कानाच्या पाळीला हात लावतात. ते स्वतः कितीतरी वर्षं मदतनीसच होते. दर वसंतात, बर्फ वितळलं की, लोलो त्यांची गुरोची परीक्षा घेत आणि दर वसंतात खानझोडे नापास होत. परतल्यावर लिफ्टमध्येच सांगायचे, "शेवटी शेवटी काठी पडली, वहिनी." तोंडावर दुःख मात्र औषधालाही नसायचं.

मदतनीसाने शिकवायचं नाही, असा लोलोंचा नियम. माझा नवरा शिरीष एकदा म्हणाला, "एखादी ट्रिक तर दाखवा." खानझोड्यांनी हात मागे बांधून घेतले. "विद्यार्थ्यानं शिकवू नये. मी चुकीचं शिकवलं तर टाके तुम्हाले पडतील, मले नाही." त्यांचा खरा राग होता तो मॉलमध्ये एक जण वीकेंड कोर्समध्ये चाकू हिसकावून घ्यायला शिकवायचा त्याच्यावर. "पहिले हे सांगितलं पाहिजे की तू कापला जाशील," ते तळमळून म्हणायचे. "हे न सांगता जो शिकवून राहिला, तो मास्तर नाही, दुकानदार आहे. बिचारं पोरगं खरंच चाकू धरायला जाईल ना!"

तर अशा माणसाला करंदीकरांनी संक्रांतीच्या कार्यक्रमात प्रात्यक्षिक द्यायला सांगितलं. करंदीकर आमचे मंडळाचे अध्यक्ष. फ्लायरवर त्यांनी परस्पर 'ब्लॅक बेल्ट श्री. खानझोडे' असं छापून टाकलं. खानझोड्यांनी ते सगळे फ्लायर घरी नेले आणि बसून एकेकावरचं 'ब्लॅक बेल्ट' पेनाने खोडलं. शिवाय लोलोंची परवानगी काढून आले, कारण दाखवणं वेगळं आणि शिकवणं वेगळं. आणि मग सगळ्यांना ईमेल पाठवली: कृपया पांढरे टी-शर्ट घालून यावे.

संक्रांतीला! निम्म्या लोकांना वाटलं, माणूस इतकी वर्षं बाहेर राहून सण विसरला. बायकांनी काळ्या साड्या सोडल्या नाहीत. पुरुषांपैकी काही जण पांढऱ्या टी-शर्टमध्ये आले, काही काळ्यात. करंदीकर काळ्याभोर सिल्कच्या कुर्त्यात, कारण अध्यक्ष.

खानझोड्यांनी खिशातून लाल मार्कर काढला. म्हणाले, "हा चाकू. माझ्याकडून हिसकावून घ्या. शाई लागली तर कापले गेले."

पहिला शिरीष गेला. त्याने हात पुढे केला न केला तोच मनगटावर रेघ, कोपरावर रेघ, पोटावर तर चक्क फुली. मग कुलकर्णी, मग जोशी. पांढऱ्या टी-शर्टांचं अगदी रेल्वेच्या नकाशासारखं झालं. पोरं "डॅड, यू आर सो डेड!" म्हणून टाळ्या पिटत होती. शेवटी करंदीकर उठले. कॉलेजात असताना एनसीसीत होते, हे त्यांनी आधी सांगितलं. मग "हाऽ!" करून खानझोड्यांचं मनगट पकडलं, दोघं गोल फिरले, तिळगुळाचं ताट आडवं झालं, आणि करंदीकर मार्कर उंचावून उभे राहिले. अंगावर एकही रेघ नाही!

"बघा," ते म्हणाले. "टेक्निक!"

"साहेब, कुर्ता काळा आहे," खानझोडे नम्रपणे म्हणाले. "रक्त दिसत नाही म्हणून मेले नाही, असं नसते."

तेवढ्यात करंदीकरवहिनींनी पर्समधला आरसा पुढे केला. मानेवर या कानापासून त्या कानापर्यंत लालभडक रेघ होती. शाई पक्की होती. आठवडाभर करंदीकर ऑफिसात मफलर काढत नव्हते म्हणे.

हसून हसून माझं पोट दुखलं. पण घरी येताना मला एक गोष्ट आठवत होती. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये संध्याकाळच्या शिफ्टला असते आणि सुटल्यावर बसस्टॉपवर एकटीच उभी असते. त्या डिसेंबरात शेजारी उभ्या असलेल्या माणसाने खिशातून चाकू काढून उघडला. त्याने शांतपणे सफरचंद सोललं आणि खाल्लं, मला एक फोडसुद्धा देऊ केली. पण त्याआधीचे ते काही क्षण माझे पाय जमिनीतून उचलतच नव्हते. पळायचं असतं हेच मला सुचलं नाही. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. मला भीती वाटत होती आणि ती मला घालवायची होती.

दुसऱ्या दिवशी मी समोरचं दार वाजवलं. "भाऊजी, मला शिकायचंय. लॅबमधल्या अजून चौघीजणी आहेत."

"लोलो नवीन लोक घेत नाहीत आता. त्यांचा गुडघा गेला, वहिनी."

"तुम्ही शिकवा."

"मी गुरो नाही."

"मग व्हा की! वसंतात परीक्षा आहे ना?"

"यंदा पण काठी पडेल," ते म्हणाले, आणि इतक्या शांतपणे म्हणाले की मला संताप आला. पडेल म्हणजे? आधीच कसं कळतं? मी सांगून टाकलं की यंदा परीक्षेला मी स्वतः येणार.

एप्रिलातल्या एका गुरुवारी मी त्यांच्या गाडीतून चर्चच्या त्या बेसमेंटमध्ये गेले. लोलो रोमी खुर्चीत बसले होते, काठीएवढेच बारीक, डोक्यावर लोकरी टोपी. खानझोडे मधे उभे राहिले आणि मला आमच्या समोरच्या दारातला माणूस ओळखू येईना. काठ्या दिसत नव्हत्या, नुसता आवाज येत होता. समोरची तीन तरुण मुलं घामाघूम झाली, हे हसत होते. मग लोलोंनी शेवटचा प्रकार सांगितला, अगदी साधा, आणि खानझोड्यांच्या हातातून काठी पडली.

माझ्या पाच वर्षांच्या भाच्यालाही ती इतक्या वाईट अभिनयाने पाडता आली नसती.

"पिक अप," लोलो म्हणाले.

उचलली. पडली.

"पिक अप, प्रभाकर."

पुन्हा उचलली. लोलो खुर्चीच्या हातावर भार देऊन कसेबसे उठले आणि त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. "माय नी इज फिनिश्ड," ते हळू म्हणाले. "एव्हरी इयर यू ड्रॉप, एव्हरी इयर आय से ओके. आय लाइक ऑल्सो. बट धिस लेडी वॉन्ट्स टु लर्न. हू विल टीच हर? द मॉल?"

खानझोड्यांनी काठीवरची पकड बदलली. मग त्यांनी तो साधा प्रकार केला, नीट, शेवटपर्यंत. काठी पडली नाही. मुलांनी आरडाओरडा केला. खानझोडे लोलोंच्या पाया पडले आणि लोलो त्यांना उठवायला वाकताना कळवळले.

वर्गानंतर सगळे विद्यार्थी लोलोंच्या घरी जेवायला जायचे, ही तिथली पद्धत. मीही गेले. लोलाने शेवयांसारख्या नूडल्सचं मोठं पातेलं मधे आणून ठेवलं. खानझोड्यांना न विचारता चमचे कुठल्या खणात आहेत ते माहीत होतं. लोलाच्या गोळ्यांची डबी त्यांनीच काढून तिच्या ताटाशी ठेवली. ती त्यांना "टू थिन! टू थिन!" म्हणून ओरडत वाढत होती आणि ते मान खाली घालून खात होते. आमच्याकडे इतक्या वेळा जेवलेत, पण असे कधी जेवले नाहीत.

परतताना गाडीत मी म्हटलं, "अभिनंदन, गुरो."

त्यांनी वायपर उगाचच सुरू केले आणि बंद केले. "त्यांचा एक नियम आहे, वहिनी. एका वर्गात दोन गुरो नसतात. जो गुरो झाला त्यानं उठायचं आणि स्वतःचा वर्ग घ्यायचा. आणि जेवण विद्यार्थ्यांसाठी असते." लाल सिग्नलला गाडी थांबली. "सुमन गेल्यावर आठवड्याचे बाकी दिवस मी कोणाशी बोलत नव्हतो. ऑफिसात पण नाही. गुरुवारी मात्र तिथे कोणी तरी 'जेवलास का' म्हणायचं. आता गुरुवारी कुठे जाऊ, सांगा?"

सिग्नल हिरवा झाला तरी ते थांबलेच होते. मला फार वाईट वाटलं, आणि माझ्याच हट्टामुळे हे झालं म्हणून आणखी वाईट वाटलं.

पुढच्या गुरुवारी कम्युनिटी सेंटरमधल्या हॉलमध्ये आम्ही पाचजणी पांढरे टी-शर्ट घालून, बूट बाहेर काढून, अनवाणी रांगेत उभ्या राहिलो. गुरो खानझोडे समोर उभे, घसा खाकरत. एवढ्यात दार उघडलं. लोलो आत आले, काठी टेकत, आणि मागोमाग लोला, दोन्ही हातांत टॉवेलात गुंडाळलेलं पातेलं घेऊन.

खानझोड्यांनी धावत जाऊन खुर्ची आणली. "लोलो, सिट, सिट!"

लोलोंनी खुर्चीकडे पाहिलंही नाही. भिंतीला धरून त्यांनी एकेक बूट काढला, मोजे काढले आणि सावकाश चालत येऊन रांगेच्या अगदी शेवटी, माझ्या शेजारी उभे राहिले. नवीन विद्यार्थ्याची जागा तीच असते.

"आय ॲम न्यू," ते म्हणाले. "बिगिन, गुरो."

खानझोडे आमच्याकडे पाठ करून खाली वाकले आणि बुटाची लेस बांधू लागले. बराच वेळ बांधत होते. पायात बूट नव्हते.