खड्ड्याकाठी उभे राहण्याचा परवाना

बुधवारी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, व्हॉलीबॉलचा सराव आटोपून पिझ्झा खायला निघालेले एर्मेते झानारिनी, वय एकसष्ट, गॅसवाहिनीच्या खड्ड्यापाशी थांबले आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. घटना एवढीच.

आमच्या एमिलिया प्रांतात याचा अर्थ सांगावा लागत नाही. निवृत्त माणूस खोदकामाच्या कठड्याशी येतो, हात मागे घेतो आणि नापसंतीने मान हलवतो. अशी गर्दी फार वाढल्याने आमच्या पालिकेने गेल्या वर्षीपासून त्यासाठी परवाना सुरू केला आहे.

संघातले बाकीचे तिशीच्या आसपासचे. मात्तियाने फोटो काढला. पिझ्झा येईपर्यंत संघातल्याच जादा नावाच्या मुलीने तो जोडून एर्मेतेंच्या नावे अर्ज पाठवूनही दिला.

"आजोबा, आता विनापरवाना थांबायचं नाही हं," मात्तिया म्हणाला.

एर्मेते हसले, पण अर्धा पिझ्झा त्यांनी टाकला. पुढच्या बुधवारी आपल्याला जाळ्यापाशी उभे करतील की पाण्याच्या बाटल्यांपाशी, ही शंका त्यांना छळू लागली.

बाराव्या दिवशी उत्तर आले. किमान वय पासष्ट. 'अर्जदार अद्याप तरुण असल्याने' अर्ज नामंजूर.

एर्मेतेंनी ते पत्र आठवडाभर खिशात मिरवले. मग संघाने ते वाचले.

"पालिकेनं तरुण ठरवलंय ना? मार उडी," जादा म्हणाली. प्रत्येक उंच चेंडू त्यांच्याकडे येऊ लागला. तिसऱ्या बुधवारी गुडघा सुजला आणि एर्मेतेंनी अपील केले.

अपिलाच्या नियमानुसार, पस्तिशीच्या आतील दोन साक्षीदारांनी अर्जदाराचे म्हातारपण लेखी सिद्ध करायचे असते. पालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर सुनावणी झाली. अधिकारी ओर्नेल्ला बास्सी यांनी मात्तिया आणि जादाचा जबाब वाचायला घेतला.

"'खुर्चीतून उठताना तोंडानं आवाज काढतात.' मान्य?"

"मान्य."

"'मेनूकार्ड वाचायला मोबाइलचा उजेड लावतात.'"

"मान्य. पण बाई, महत्त्वाचं राहिलंच. मी भर ऑगस्टात बनियन घालतो. वारं लागलं की पोट बिघडतं. आणि कुणी लग्नाला बोलावलं तर आधी विचारतो, गाडी कुठं लावायची?"

"आणखी?"

"लिहून घ्या. बरंच आहे."

महिनाभरात पहिल्यांदाच त्यांना मजा येत होती. साक्षीदार मात्र हसत नव्हते. बास्सीबाईंनी वर पाहिले. दोघे खिडकीपाशी होते. खाली वाचनालयाचा पाया भरला जात होता. चारही हात पाठीमागे होते.

"सळ्या चुकीच्या बांधतायत," मात्तिया म्हणाला.

"मी मघापासून बघतेय," जादा म्हणाली.

बास्सीबाईंनी एर्मेतेंच्या परवान्यावर शिक्का मारला आणि खणातून दोन कोरे अर्ज काढले. जरा विचार करून तिसराही काढला.

"तिसरा कुणाला?" एर्मेतेंनी विचारले.

"असतंच कुणीतरी. काम दुसऱ्याचं, यांचा काडीचा संबंध नसतो. तरी शेवटपर्यंत थांबून बघतात आणि मनात म्हणतात, मी असतो तर वेगळं केलं असतं."

तो अर्ज अजून कोरा आहे. इथवर थांबलातच, तर तुमचे नाव लिहा. वय खरे लिहा.