ताराबाईंची मूठ

आमच्या गल्लीत ताराबाई सिस्टरांना कुणी वेळ विचारत नाही. विचारली तर त्या आधी विचारतात, "कावून?"

हा एक 'कावून', म्हणजे 'का', असता तर चाललं असतं. ताराबाई पाच वेळा विचारतात. तुम्ही एक उत्तर दिलं की त्या उजव्या हाताची करंगळी मिटतात आणि त्या उत्तरालाच पुन्हा कावून विचारतात. मग अनामिका, मग मधलं बोट. अंगठा मिटला की मूठ होते. "मूठ झाली की कारण आत सापडतं," असं त्या म्हणतात. बहुतेक माणसं मधल्या बोटापर्यंत पळून गेलेली असतात.

दूधवाला पळाला, त्याने आमची गल्लीच सोडली. नळ सोडणारा आता तोंडाला रुमाल बांधून येतो. लग्नाची आमंत्रणं त्यांना येत नाहीत, त्यालाही कारण आहे. एका लग्नात साडेबाराचा मुहूर्त अडीचपर्यंत लांबला, तेव्हा त्यांनी नवऱ्या मुलाच्या मामाला कावून विचारायला सुरुवात केली. चौथ्या बोटाला कळलं, की आशीर्वाद द्यायला नेते यायचे आहेत. नेते आल्यावर त्या थेट स्टेजवर गेल्या आणि मिटलेली चार बोटं त्यांच्यासमोर धरून म्हणाल्या, "साहेब, ह्यो अंगठा तेवढा तुमच्यासाठी ठिवलाय. कावून उशीर झाला?"

ताराबाई आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात स्त्रियांच्या वॉर्डाच्या इन्चार्ज आहेत. नवरा नाही, मूल नाही, निवृत्तीला थोडा काळ राहिला आहे. हे पाच प्रश्न त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी झालेल्या एका प्रशिक्षणात मिळाले. दवाखान्यातल्या चुका कमी कशा कराव्यात, असा विषय होता. बाकीच्यांनी जेवण केलं आणि फुकटची पिशवी घेऊन घरी आले. ताराबाईंनी प्रश्न आणले. तिथल्या साहेबांनी चुकीची कारणं मांडायला फळ्यावर माशाचा सांगाडा काढायला शिकवलं होतं. ताराबाई माळकरी. मासा काढायचा नाही म्हणून त्यांनी लिंबाची डहाळी काढली. मधल्या काडीच्या टोकाला चूक, दोन्ही बाजूंच्या पानांत कारणं. वॉर्डात काहीही झालं की त्या कागद घेऊन डहाळी काढत बसतात. "चूक चालत येती," हे त्यांचं दुसरं वाक्य. "माणूस धरू नका, तिची वाट बुजवा."

या वाक्याची मला एके काळी गंमत वाटायची. नंतर एवढी चीड आली, की ते पुन्हा ऐकलं असतं तर मी हातातला तांब्या फेकला असता.

माझी आई त्याच वॉर्डात दाखल होती. छातीत कफ झाला होता, दोन दिवसांनी घरी सोडणार होते. आठ नंबरची खाट कोपऱ्यातली, तिच्याजवळ भिंतीला थोडी मोकळी जागा. शेजारी नऊ नंबरवर तेलगावच्या केवळबाई, ऊसतोडीवरून पायाला जखम घेऊन आलेल्या, साखरेचा आजार. त्यांच्या लेकीला अंथरूण टाकायला जागा नव्हती. आई म्हणाली, "तुमी या इकडं, मी जाते तिकडं. मला काय, भिंत नसली तरी झोप लागती." दुपारी दोघींनी खाटा बदलल्या. आपल्याकडे हे रोज चालतं. गाववाली शेजारी हवी, पंखा नको, दार नको, म्हणून माणसं खाटा बदलतात आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही.

औषधं खाटेच्या नंबरावर दिली जात होती. संध्याकाळी सविता नावाची नवी सिस्टर आली, नऊ नंबर म्हणाली, आईने हात पुढे केला. साखर उतरवायचं इंजेक्शन साखर नसलेल्या बाईला बसलं. मी तेव्हा खाली डबा आणायला गेलो होतो. वर आलो तर आई घामाने भिजलेली, हाक मारली तर ओ देईना. तिसऱ्या दिवशी ती मोठ्या दवाखान्यात गेली ती गेलीच.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. मला लिहिता येतं. सविताविरुद्ध मी चार पानी तक्रार लिहिली, आणि आयुष्यात एवढं चांगलं मराठी मी कधी लिहिलं नसेल. चौकशी झाली. 'सदर परिचारिकेच्या निष्काळजीपणामुळे' असं एक वाक्य झालं. सविता निलंबित झाली. चौकशीच्या साहेबांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "सर, कारवाई झाली. आता समाधान माना."

चौदावा झाल्यावर ताराबाई आमच्या पायरीवर येऊन बसल्या. इंजेक्शनच्या दिवशी त्यांची ड्युटी दुपारीच संपली होती, हे मला माहीत होतं. तरी राग होताच.

"सर, काकूंना चुकीचं इंजेक्शन कावून बसलं?"

मला वाटलं, सांत्वनाची ही त्यांची पद्धत असेल. म्हणालो, "सविताने दिलं म्हणून."

करंगळी मिटली. "तिनं कावून दिलं?"

"नाव न विचारता नंबर बघितला."

अनामिका मिटली. "नंबरच कावून बघितला?"

"बाई, माझी आई मेली आहे," मी म्हणालो. "ती तुमची डहाळी नाही. उठा."

त्या उठल्या. जाताना हात तसाच होता, दोन बोटं मिटलेली आणि तीन उघडी. घराचं कुलूपही त्यांनी डाव्या हाताने उघडलं.

त्यानंतर महिनाभर मी त्यांच्याशी बोललो नाही. बातम्या मात्र येत होत्या. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या कडूबाई सकाळी त्याच वॉर्डात सफाई करतात. त्यांनी सांगितलं, "सिस्टरला येड लागलंय सर. उसाच्या ट्रॅक्टरवाले घालत्यात ना, तसलं चमकणारं केशरी जाकीट घालून औषध वाटती. जाकीट अंगात असलं की कुणीच बोलायचं न्हाई."

एका पुढाऱ्याच्या माणसाने नेमका तेव्हाच फोन लावला. त्यांनी उचलला नाही. तो वॉर्डात आला. "सिस्टर, साहेबांचा पेशंट हाय, वळखलं न्हाई का?" ताराबाईंनी हातातल्या गोळ्या मोजून संपवल्या, जाकीट काढून घडी घातली आणि मग म्हणाल्या, "आता वळखलं. बोला." त्याने बदलीची धमकी दिली. ताराबाईंनी विचारलं, "कावून?" तोही मधल्या बोटापर्यंत पळाला.

खाटा बदलायला त्यांनी मनाई केली नाही. "माणसं बदलणारच. गाववालीला सोडून कोण ऱ्हाईल?" म्हणाल्या, आणि प्रत्येकीच्या मनगटाला नाव-गाव लिहिलेली कापडाची पट्टी बांधली. खाट बदलली तरी पट्टी बाईबरोबर जाते. औषध देण्याआधी बाईनेच स्वतःचं पूर्ण नाव सांगायचं. सिस्टरने "तुम्ही अमुक ना?" असं विचारायचं नाही, कारण सिस्टरने काहीही विचारलं तरी आपली बाई "हाव" म्हणते.

इथे घोटाळा झाला. पूर्ण नावात नवऱ्याचं नाव येतं, आणि आमच्याकडच्या म्हाताऱ्या ते उच्चारत नाहीत. युसूफ वडगावच्या एका आजींनी साफ सांगितलं, "सुई टोचा न्हाईतर नका टोचू, मालकाचं नाव घ्यायची न्हाई." ताराबाई म्हणाल्या, "मंग उखाण्यात घ्या." तेव्हापासून त्या वॉर्डात सकाळ-संध्याकाळ औषधाच्या वेळी उखाणे चालतात. एक विधवा आजी तर दोन गोळ्यांना दोन उखाणे घेते.

हे सांगताना कडूबाई हसल्या. मी हसलो नाही. माझी आई असती तर तिने अण्णांचं, माझ्या वडिलांचं, नाव उखाण्यातही घेतलं नसतं, नुसती लाजली असती, एवढंच मनात आलं.

मग मला सहीसाठी जिल्ह्याला बोलावलं. 'माझे समाधान झाले आहे' असा छापील कागद होता. कारकुनाने फाइल माझ्यासमोर टाकली आणि तो चहाला गेला. मी वाचणारा माणूस, फाइल उघडली. माझी चार पानं होती. त्यांच्याखाली ताराबाईंचा अर्ज होता, लिंबाच्या डहाळीसकट. टोकाला आईचं नाव. पानापानावर कारणं. शेवटच्या पानावर लिहिलं होतं :

'पूर्वी वॉर्डात दोन शांताबाई होत्या. नवऱ्याचं नाव दोघी सांगेनात. एकीची गोळी दुसरीला गेली. ती वाचली. पुन्हा घोळ नको म्हणून नावं सोडून खाटांना नंबर मी घातले. ब्रशने रंगवले. सवितानं मी शिकवलं तेच केलं. चौकशी माझी करावी.'

समासात साहेबांचा शेरा होता : 'विषयाशी संबंध नाही. दप्तरी दाखल.'

मी तो शेरा पुष्कळदा वाचला. एवढं जपून, एवढ्या सुंदर अक्षरात कुणी खरी गोष्ट गाडू शकतं, याचा मला आईच्या मरणाइतकाच राग आला. आणि माझी चार पानं? ती तर त्याहून सुंदर अक्षरात होती. सविताचं नाव त्यांत अकरा वेळा होतं. खाट एकदाही नव्हती.

कारकून आला. "सर, सही?"

"ह्या अर्जाचा संबंध नाही, असं का लिहिलंय?"

"वरून आलंय."

"वरून का आलं?"

तो माझ्या हाताकडे बघत म्हणाला, "सर, तुमी पण त्याच गल्लीतले का?"

माझी करंगळी मिटलेली होती. सही केली नाही. सविताला परत घ्यावं आणि ताराबाईंचा अर्ज चौकशीत घ्यावा, असं तिथेच बसून लिहून दिलं. त्याला उत्तर आलेलं नाही. सविता अजून घरीच आहे. मी दर सोमवारी फोन करतो, आणि आता माझाही फोन तिकडे कुणी उचलत नाही.

परत आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. ताराबाई आमच्याच पायरीवर बसल्या होत्या. मी बाजूला बसलो. अर्ज वाचला म्हणून सांगितलं.

"पाचव्यापर्यंत काकूच बसायच्या," त्या म्हणाल्या. "बाकी समदे पळत्यात. काकू भाजी निवडत निवडत पाचही उत्तरं द्यायच्या. कामावरून आल्यावर मला तेवढंच बोलणं असायचं."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"जेवलात का सर?"

"नाही."

"कावून?"

"भाकरी केली नाही."

करंगळी. "कावून?"

"पीठ संपलंय."

"कावून?"

"दळण टाकलं नाही."

"कावून?"

"दळण आई टाकायची."

चार बोटं मिटलेली होती. अंगठा तेवढा उघडा होता. त्यांनी तो दुसऱ्या हातात धरला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला, आणि मिटला नाही.

"डबा कुठं हाय दळणाचा?" त्यांनी विचारलं, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता आत गेल्या.