पटाशीचे दात

घाटे सरांना कोणीही भेटलं की ते आधी त्याचं तोंड बघतात, मग नाव विचारतात. कॉलेजात जन्मभर प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण तपासणी काही थांबली नाही. "दात दाखवा, खाणं सांगतो," हे त्यांचं पालुपद. रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं आणि आमच्या समता कॉलोनीत भाड्याची घरं शोधत साहेब लोक येऊ लागले. माझा वरचा मजला बघायला आलेल्या नागपूरकडच्या साहेबांना सर तोंडावर म्हणाले, "सुळे जबरदस्त आहेत! खातं कोणतं भेटलं?" ते साहेब पुन्हा फिरकले नाहीत.

देवाधर्माचं सरांना वावडं. त्यामुळे गेल्या भाद्रपदात, सवाष्ण गेलेल्यांच्या नवमीला, त्यांनी बायकोचं, सुमनकाकूंचं, पान वाढायला गुरुजी बोलावले तेव्हा मी चाटच पडलो. गच्चीवर पान मांडलं. खीर, वडे, भात आणि वर सरांनी हट्टाने टाकलेले मूठभर भाजके शेंगदाणे.

कावळा काही येईना. राजधानीच्या रुंद रस्त्यासाठी झाडं गेली, त्यांच्यामागे कावळेही गेले. गुरुजींना सदर बाजारात दुसरं घर गाठायचं होतं. त्यांनी पिशवीतून दर्भाचा कावळा काढला. "हाच शिवू द्या पानाला. शास्त्रात चालतो."

सर भडकले. "चोच कुठाय त्याची? ज्याले पोटच नाही तो काय खाईल? मी नाही शिवू देत!"

आम्ही सगळे उपाशी ताटकळलो. माझ्या पोटात तर कावळेच कावळे होते.

तेवढ्यात कठड्यावरून एक खार आली. खीर-वड्यांकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. एक शेंगदाणा उचलून कुरतडत बसली.

सरांनी हात जोडले. "झालं. शिवली पानाला. चला जेवायला."

"अहो सर, खार नाही चालत!" गुरुजी म्हणाले.

"काहून नाही चालत?" सर गरजले आणि त्यांनी खारीकडे बोट दाखवलं. "पुढचे दात पाहा तिचे. सुमनचे बी असेच होते, पुढं आलेले. जो येई तो नकार देऊन राहिला होता. मी पाहायला गेलो, तं तोंड मिटूनच बसली होती. म्हटलं, दात दाखवा. हसली. तिथंच हो म्हटलं मी."

गुरुजींनी दर्भाचा कावळा परत पिशवीत ठेवला. सर कठड्यापाशी टेकले आणि पानातले शेंगदाणे एकेक करून सोलू लागले.

"सालं आवडत नाहीत तिले," ते म्हणाले.