काटेसाहेबांचे बेडूक-मीटर

चैत्र वद्य तृतीया. ऊन रखरखीत, वारा पडलेला, आभाळात ढगाचा ठिपकासुद्धा नाही. बाळांनो, अशा दिवशी एका जंगलात सगळे प्राणी तळ्याकाठी जमले होते. ‘टिपूस जलमापन कंपनी’ला नवे मुख्य कार्यकारी अधिकारी मिळाले होते.

आधीचे अधिकारी बगळे होते. नमुन्यादाखल आलेले सगळे मीटर त्यांनी एका दुपारी खाऊन टाकले. मीटर कसे खाल्ले, ते कळेलच.

नवे अधिकारी म्हणजे काटेसाहेब. हे साळिंदर. बोलता बोलता ते पाठीतला एक काटा उपटत आणि वाळूत आलेख काढत. आलेखाची रेघ नेहमी वर जाई. खाली जायला लागली, की साहेब उलट बाजूला जाऊन उभे राहत.

सगळ्यांत मागे ढालेकाका बसले होते. ढालेकाका म्हणजे कासव. तळं हेच त्यांचं घर. रोज सकाळी ते तळ्यात बोरूची काडी उभी करत आणि ओरडून सांगत, “आज चार वीत, दोन बोटं!” मग सगळे त्या बेताने पीत. पाऊस यायला अजून पन्नास दिवस होते. तळं आटलं, तर बाकीचे एका दिवसात नदी गाठणार होते. काकांना नऊ दिवस लागणार होते, तेही या उन्हात.

“मित्रांनो!” साहेब म्हणाले. “काडीचे दिवस गेले! मला पुढची पाच वर्षं लख्ख दिसताहेत. पाचव्या वर्षी पाण्याची नासाडी शून्य! त्यासाठी प्रत्येक मानेवर एक स्मार्ट मीटर!”

स्मार्ट मीटर म्हणजे बेडूक. प्राण्याने घोट घेतला, की मानेवरचा बेडूक ‘डराँव’ म्हणणार. वडावरचे पोपट ते डराँव मोजणार.

“साहेब, माझ्या अंगावर आधीच तीन पोरं लटकलीत,” बेबीताई वानरीण म्हणाली. “हा चौथा कुठे बसवू?”

“डोक्यावर, ताई. शोभून दिसेल.”

“आणि उन्हाने सुकला तर?” गवाअण्णांनी विचारलं.

“बंद पडेल. म्हणून दर तासाला त्याच्यावर पाच चुळा मारायच्या.”

“त्या चुळासुद्धा मोजणार?”

“अण्णा, तोंडात गेलं की तो घोट! आपण काहीही सोडत नाही.”

टाळ्याच टाळ्या. पहिल्या दिवशी नऊशे डराँव झाले. आठव्या दिवशी चार हजार. साहेब आलेखाभोवती गोल गोल नाचले. त्यांनी जाहीर केलं, की ज्याचे डराँव सर्वांत जास्त, त्याला रोज संध्याकाळी पळसाच्या फुलांचा हार!

मग काय विचारता! हरणं रांगेत घुसू लागली. रानडुकरं एकमेकांचे डराँव मोजू लागली. बेबीताईची पोरं उलटी लटकून पिऊ लागली.

“अण्णा, तहान लागलीय का?” काकांनी विचारलं.

“तहान कसली, काका! ते चितळ सात डराँवने पुढे गेलंय. बाजूला व्हा!”

काका सरपटत साहेबांकडे गेले.

“साहेब, दोन वीत राहिलं.”

“किती घोट, ते सांगा.”

“घोट नाही हो. तळं. एक मीटर तळ्याला लावा ना.”

साहेब प्रेमाने हसले. “काका, तळं आपला ग्राहक नाही.”

काका माघारी आले. त्यांनी एकेकाला गाठून सांगितलं, “बेडूक उतरवा, तळं वाचेल.” बेबीताई म्हणाली, “उतरवते की. आजचा हार मिळू दे, उद्या नक्की.” चितळही तेच म्हणालं. अण्णांनी तर ऐकलंच नाही, कारण बेडूक कानाशी ओरडत होता.

वैशाख शुद्ध द्वादशी उजाडली. सकाळपासून एकही डराँव नाही. तळ्यात चिखलाच्या पापड्या वाळत पडल्या होत्या. पोपट धापा टाकत आले.

“साहेब, आजचा वापर शून्य!”

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. जंगलात तेवढंच उरलं होतं.

“शून्य!” ते ओरडले. “वापर शून्य, म्हणजे नासाडी शून्य! पाच वर्षांचं उद्दिष्ट पंचवीस दिवसांत!”

साहेबांना खांद्यावर घ्यायला सगळे धावले, आणि काटे टोचले म्हणून सगळ्यांनी लगेच खाली ठेवलं. मग तशीच नाचत, ओरडत, माना डोलवत मिरवणूक नदीकडे गेली. बेडूक मानांवर बसून गेले. दुपारपर्यंत काठ रिकामा झाला.

ढालेकाका त्याच दुपारी निघाले. वैशाख वद्य पंचमीला, म्हणजे नवव्या दिवशी, ते नदीवर पोहोचले. काटेसाहेब तिथले मुख्य कार्यकारी अधिकारी झाले होते. काकांच्या पाठीवर एक बेडूक बसवण्यात आला. डराँवांच्या यादीत त्यांचा क्रमांक एकशे एकतिसावा.

तात्पर्य: बाळांनो, पाणी जपून वापरायची काही गरज नाही. नीट मोजलं, की आटलेलं पाणीसुद्धा वाचलेलं दिसतं.