ब्रेक पायात आहे

कोणाचाही विश्वास बसणार नाही, पण घड्याळजीनं आपल्या सासऱ्यांची रेसची सायकल त्यांना न विचारता सुटी केली, आणि हे करताना तो पूर्ण शुद्धीवर होता.

सायकल साधीसुधी नव्हती. बाबांनी तरुणपणी तिच्यावर बसून भल्याभल्यांना धूळ चारली होती. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, सुरीच्या पात्याएवढं सीट आणि अंगठ्याएवढे टायर. गुडघा कुरकुरायला लागला तेव्हा बाबांनी ती लेकीच्या घरी आणून ठेवली आणि जावयाला बजावलं, "सांभाळा. नुसती सांभाळा."

घड्याळजीनं 'सांभाळा' ऐकलं. 'नुसती' त्याच्या कानावरून गेलं. हाताला काही सुटं करायला मिळालं नाही तर त्याला जेवण जात नसे. आणि खरं सांगायचं तर त्याला एकदा, फक्त एकदा, बाबांच्या तोंडून 'छान' ऐकायचं होतं. लग्नानंतर त्यानं त्यांचं भिंतीवरचं बंद घड्याळ चालू करून दिलं होतं. बाबा त्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "चालतंय." त्या एका शब्दावर जावई इतकी वर्षं काढत होता.

वाकता येत नाही म्हणून बाबा सायकलला हात लावत नाहीत, तर मग ताठ बसता येईल अशी जुन्या जमान्यातली डौलदार सायकल करून त्यांना चकित करायचं, असं त्यानं ठरवलं. रुंद, मागे वळलेलं हँडल बसलं. स्प्रिंगचं चामडी सीट आलं, सायीच्या रंगाचे टायर आले, लिंबाएवढी पितळी घंटा आली. केबलींनी रूप बिघडतं म्हणून त्यानं हातातले ब्रेक काढूनच टाकले आणि मागच्या चाकात पायाचा ब्रेक बसवला. पेडल उलटं दाबलं की चाक जागच्या जागी धरतं. त्यासाठी चाकाजवळची एक छोटी पट्टी सायकलच्या दांडीला स्क्रूनं आवळावी लागते. ती सुटी राहिली तर ब्रेक धरत नाही, नुसती पट्टीच फिरते.

"सगळं घट्ट आहे ना?" बायकोनं विचारलं.

"घड्याळजीला विचारतेस?"

"बाबांना बसायचंय हिच्यावर, म्हणून विचारते."

रविवारी सकाळी बाबा आले. बरोबर औषधवाले होते. त्यांचं औषधाचं दुकान, आणि बाबांशी पैजा शाळेपासून चालू. घड्याळजीनं सायकलीवरची चादर ओढली. बाबांनी सायकलीभोवती एक फेरी मारली, मग उलट्या बाजूनं दुसरी.

"हे काय आहे?"

"सायकल, बाबा."

"ते दिसतंय. माझी कुठाय?"

"हीच तुमची."

बाबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्या आधी लाल होतात आणि मग तोंड उघडतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. बायकोनं डोळे मिटले. तेवढ्यात औषधवाले खो खो हसले.

"अरे, दुधाचे कॅन लटकवायला झकास आहे! उद्यापासून अर्धा लिटर माझ्याकडे टाकत जा."

बाबांची मान जावयाकडून औषधवाल्यांकडे वळली. "हसतोस कुणाला? हँडल बदललं म्हणून घोडी बदलत नाही."

"मग होऊन जाऊ दे. वरच्या पाण्याच्या टाकीपासून खाली पोस्टापर्यंत. माझी नवी गिअरची आहे हं, आधीच सांगतो."

"बाबा, गुडघा!" लेक ओरडली.

"उतारावर गुडघा लागतो कशाला?"

घड्याळजीनं धीर केला. "बाबा, एक ऐका. हिला हातात ब्रेक नाही. ब्रेक पायात आहे. पेडल उलटं…"

"जावईबापू, मी तुम्हांला घड्याळाला चावी द्यायला शिकवतो का?"

दोघे म्हातारे आपापल्या सायकली ढकलत टाकीच्या रस्त्याला लागले. पायाचा ब्रेक आहे, निदान बाबांच्या कानावर तरी घातलंय, अशी मनाची समजूत घालत घड्याळजी टेबल आवरायला आत गेला. चिमटा डबीत टाकला, भिंग खिशात टाकलं. आणि मखमलीच्या तुकड्यावर त्याला एक स्क्रू दिसला. आरशासारखा लखलखीत.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

घड्याळाच्या पोटात कोणी डोकावत नसलं तरी आतल्या स्क्रूचं डोकं चकचकीत हवं, ही त्याच्या धंद्याची शिस्त. दुसरा कोणी असता तर त्यानं सायकल आवळली असती आणि हात धुतले असते. यानं आवळल्यावर एकेक स्क्रू परत काढून पॉलिश केला होता. पट्टीचा स्क्रू पॉलिशला काढला, तेवढ्यात कुणीतरी घड्याळाचा पट्टा बदलायला आलं, आणि…

"अहो, एवढे पांढरे का पडलात?"

"काही नाही. हवा खाऊन येतो."

"हातात पेचकस घेऊन?"

तो तोवर जिन्यावर होता. टाकीकडे जायला मागून पायऱ्या आहेत. घड्याळजीचा जन्म स्टुलावर बसण्यात गेलेला. निम्म्या पायऱ्यांवरच त्याची छाती भात्यासारखी हलायला लागली. डोळ्यांसमोर काय काय यायला लागलं: शाळेजवळचं वळण, उताराच्या तळाला भाजीच्या गाड्या, पोस्टाची दगडी भिंत. आणि बायकोचा चेहरा. ती रडणार नाही. ती फक्त विचारील, 'घट्ट होतं ना?'

तो वर पोचला तेव्हा दोघे खडूच्या रेघेवर उभे होते.

"बाबा! थांबा! उतरा खाली!"

"बघ," औषधवाले म्हणाले, "जावई हरायला घाबरला."

तेवढं पुरलं. बाबांनी जमिनीवरचा पाय उचलला. घड्याळजीनं झेप घेतली, त्याच्या हाती नवाकोरा मडगार्ड आला आणि निसटला. पॉलिश उत्तम झालं होतं.

सुरुवातीला औषधवाले पुढे होते. ताठ बसलेल्या बाबांच्या कोटात वारा भरला होता, स्प्रिंगा कुईं कुईं करत होत्या. एखादा साहेब फेरफटका मारायला निघावा तसं वरून दिसत होतं. मग वळण जवळ आलं. औषधवाल्यांनी शहाण्या माणसासारखे ब्रेक दाबले. बाबांचे पाय मागे गेले. पुन्हा मागे गेले. मग पाय पिठाच्या गिरणीसारखे उलटे फिरू लागले, आणि सायकल मात्र सुसाट पुढे.

बाबांची बोटं हँडलवर ब्रेक शोधत होती. तिथं त्यांना फक्त घंटा सापडली. ती जी वाजायला लागली, ती थांबेना. भाजीवाल्यांनी गाड्या ओढल्या, दोन कुत्री भिंतीवर चढली. घड्याळजी स्क्रू मुठीत आवळून मागे धावत होता. पोस्ट आलं. पोस्ट गेलं. बाबा भिंतीला चाटून पुढच्या गल्लीत दिसेनासे झाले आणि घंटा एकदम बंद पडली.

ती शांतता घड्याळजीला जन्मभर पुरेल.

तो गल्लीत वळला. एका नव्या घराच्या बांधकामासाठी वाळूचा ढीग टाकला होता. त्यात पुढचं चाक निम्मं रुतलं होतं, आणि सीटवर बाबा, ताठ. टोपीसुद्धा हलली नव्हती. भोवती माणसं जमली होती. मागून औषधवाले घामाघूम होऊन आले.

"अरे… तू ब्रेकच मारला नाहीस!"

घड्याळजी पुढे झाला. "बाबा, माझीच चूक. हा स्क्रू…"

बाबांनी त्याच्या मुठीकडे पाहिलं. मग जमलेल्या माणसांकडे. कानाच्या पाळ्या पांढऱ्याच राहिल्या.

"ब्रेक?" ते सावकाश म्हणाले. "रेसच्या सायकलीला ब्रेक कशाला? मीच सांगितलं होतं जावयाला, काढून टाका म्हणून. आणि काय हात आहे पोराचा! छान. फारच छान काम. लोण्यासारखी येते. उतारभर मी आरामात शीळ घालत आलो."

घड्याळजीनं स्क्रू हळूच खिशात टाकला. 'छान'! इतक्या वर्षांनी! आणि तेही चारचौघांत!

गर्दीतून वाट काढत सासूबाई पुढे आल्या. भाजी घ्यायला गेल्या होत्या. हातातली पिशवी उसवली होती आणि एकच वांगं उरलं होतं.

"शीळ?" त्या म्हणाल्या. "अहो, मग 'जावयानं मारलं, जावयानं मारलं' असं बोंबलत माझ्या पिशवीला धडकून कोण गेलं?"